चढाई तीस मीटर, खोळंबा दिवसभर

डिसेंबर संपत आला की मी वर्षभराच्या कातळचढायांची वही उघडून हिशेबाला बसतो. यंदा पानं चार भरली: नागफणी, तैलबैला, माहुलीजवळचा वजीर आणि लिंगाणा, सगळे सह्याद्रीतले कडे-सुळके. ऐकायला भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात यातला निम्मा वेळ मान वर करून बिले देण्यात, म्हणजे वर चढणाऱ्याचा दोर सांभाळण्यात गेला आणि उरलेला मान खाली घालून गाठी सोडवण्यात.

मुळात आपल्याकडे चढाईचं वर्ष बारा महिन्यांचं नसतंच. जून ते सप्टेंबर कातळावर शेवाळ. ऑक्टोबरात गवत कमरेएवढं, त्याखालचा घसारा दिसत नाही. मार्चनंतर दुपारचा कातळ म्हणजे तवा. उरली दिवाळी ते होळी, आणि नेमकी तेव्हाच लग्नसराई.

त्यातून तुकडी सहा जणांची असली की गणित ऐका. तीस मीटरच्या टप्प्याला लीडरचा, म्हणजे सगळ्यात आधी चढणाऱ्याचा पाऊण तास, मागच्या पाचांची प्रत्येकी वीस मिनिटं. झाले जवळजवळ अडीच तास. त्यात माझी चढाई वीस मिनिटांची. बाकी वेळ निवडुंगाशेजारी बसून चिक्की खायची.

त्या वीस मिनिटांतही अर्धा वेळ कातळ वाजवण्यात जातो. सह्याद्रीचा बसाल्ट थराथरांचा. दोन कडक थरांमध्ये एखादा ठिसूळ थर हमखास. म्हणून प्रत्येक होल्डवर, म्हणजे हातापायाच्या पकडीवर, आधी बोटाच्या पेराने टकटक करायची. खणखणीत आवाज आला तर धरायचा. बद्द आला तर तो दगड भिंतीचा नाही, नुसता भिंतीला टेकून बसलाय. कलिंगडाच्या बरोबर उलटं. आणि दगड सुटलाच तर ‘दगड!’ असं ओरडायचं, खालच्यांनी वर न बघता भिंतीला चिकटायचं, हा नियम. सगळे आधी वरच बघतात.

नागफणीची तर वेगळीच थट्टा. कोपरं सोलून कड्यावर डोकं काढावं, तर माथ्यावरच्या देवळापाशी कुरवंडे गावाहून चालत आलेलं कुटुंब पुरी-भाजी खातंय. आजी चपलेत. ‘अरे, इकडून सोपी वाट आहे की,’ त्या मायेने सांगतात.

पण वर्षाचा खरा खलनायक म्हणजे उतरताना अडकणारा रोप, आपला चढाईचा दोर. साठ मीटरचा रोप अँकरमधून, म्हणजे वर कातळाला पक्क्या केलेल्या कडीतून, दुहेरी सोडला की हाती तीस मीटरच लागतात. दोन्ही टोकांना गाठी मारायच्या, नाहीतर माणूस टोकावरून सरळ खाली जातो. सगळे उतरले की गाठी सोडायच्या आणि एक बाजू ओढायची. दोन रोप जोडले असतील तर जोडगाठ ज्या बाजूला तीच ओढायची. दुसरी ओढली तर गाठ अँकरच्या कडीत जाऊन बसते आणि मग इष्टदेवता आठवतात.

एवढं सांभाळूनही रोप अडकतो. दोन पदर एकमेकांना पीळ घालून बसतात. ‘आठा’वरून, म्हणजे इंग्रजी आठच्या आकाराच्या कडीत रोप ओवून उतरलं की पीळ पडतोच. किंवा अँकर कड्याच्या फार आत असतो आणि काठावर रोप घासून जाम होतो. किंवा टोकाची गाठ सोडायची राहते आणि ती बेचक्यात बसते. किंवा करवंदाची जाळी. उपाय आधीच करायचा: पहिला माणूस खाली पोचला की त्याने हातभर ओढून बघायचं. हलला नाही, तर वरच्याने स्लिंग, म्हणजे अँकरचा पट्टा लांबवून अँकर काठाबाहेर आणायचा. सगळे खाली आल्यावर शहाणपण सुचलं, तर भिंतीपासून लांब जाऊन ओढायचं, झटके देऊन रोपात लाट सोडायची. दोन्ही टोकं हातात असतील, तर सहा मिलिमीटरच्या दोरीचा प्रुसिक, म्हणजे ताण आला की आवळणारी गाठ, दोन्ही पदरांवर मिळून बांधून वर जाता येतं. एकच टोक हातात असेल, तर त्यावर जीव टाकायचा नाही. तो कशात अडकलाय ते फक्त करवंदाला माहीत.

घरी आल्यावर हाच जवळजवळ चार किलोचा रोप बादलीत, गार पाण्यात, साबणाच्या पावडरीशिवाय धुवायचा. उन्हात नाही, सावलीत वाळवायचा. म्हणजे दाराच्या कडीपासून पंख्याखालून स्वयंपाकघरापर्यंत. ‘कुरडया घालायला जागा ठेवशील का?’ आईचा वार्षिक प्रश्न. वाळला की टोकापासून टोकापर्यंत बोटांच्या चिमटीत धरून तपासायचा. प्रत्येक वीतभर अंतरावर तो दुमडायचा. वळण गोल राहिलं तर ठीक, कागदासारखं चपटं दुमडलं तर आतला गाभा गेला, तेवढा भाग कापायचा.

शेवटी रोप ठेवायचा कुठे, हा वाद. माळ्याच्या कोपऱ्यात इन्व्हर्टरची बॅटरी आहे, आणि आम्लाच्या नुसत्या वाफेनेही नायलॉन न दिसता कुजतं. म्हणून रोप दिवाणात, आणि दिवाणातल्या गोधड्या बॅटरीशेजारी. आईला हे अजून सांगितलेलं नाही.