हाफ प्लेट लाकडी कॅमेऱ्याविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्याकडून घेतलेल्या कॅमेऱ्याच्या चिठ्ठीवर ‘इंग्लिश, महोगनी, सुमारे 1895’ असे लिहिलेले असताना तो सागवानी निघाला, म्हणजे तो केरळातील आळप्पुळ्याच्या ‘वागीश्वरी’ या कॅमेरा बनवणाऱ्या कारखान्याने केलेली नक्कल आहे आणि आम्ही आपणास जाणूनबुजून फसवले, असे आपण लिहिले आहे. आपण पाठवलेली छायाचित्रे मी भिंगाखाली पाहिली.

लाकूड आणि साल या दोन्ही चुका आमच्या आहेत. गडद पॉलिशखालचे लाकूड आम्ही तपासले नाही आणि साल आम्ही लेन्सवरून ठरवले, जे कधीच करू नये. कारण लेन्स ज्या लहान लाकडी पाटीवर बसवलेली असते ती पाटी क्षणात काढता येते, आणि स्टुडिओवाले जुनी चांगली लेन्स नव्या कॅमेऱ्यावर सर्रास चढवत असत. या कॅमेऱ्यावरची रॅपिड रेक्टिलिनियर जातीची लेन्स तर 1866 पासून पुढे कित्येक दशके बनत होती. खरा पुरावा तळफळीखाली होता: तेथील सर्व बिजागऱ्यांना आणि भात्याच्या चौकटीलाही फुलीच्या खाचेचे स्क्रू आहेत, जे 1936 नंतर वापरात रुळले. एखाददुसरा स्क्रू तसा असता तर दुरुस्ती मानता आली असती. सगळेच तसे असल्यामुळे कॅमेरा त्यानंतरचा असावा, हे आपले म्हणणे मला पटते.

मात्र सागवान आहे म्हणून तो भारतीयच, हा निष्कर्ष टिकत नाही. उष्ण, दमट प्रदेशांसाठी इंग्लिश कारखानेही पितळी पट्ट्यांनी बांधलेले सागवानी कॅमेरे बनवत असत. हाफ प्लेटचे, म्हणजे छायाचित्र ज्या काचेवर उमटते तिचे, 6½ × 4¾ इंच हे माप इंग्लंड आणि भारत दोन्हीकडे चालत होते, त्यामुळे तेही निर्णायक नाही. स्क्रूंवरून ठरणाऱ्या काळात भारतातही असे कॅमेरे बनत होते, त्यामुळे तो भारतीय असण्याची शक्यता मला अधिक वाटते. परंतु त्यावर निर्मात्याची पट्टी नाही, ती काढल्याची भोकेही नाहीत, तेव्हा ‘वागीश्वरी’चे नाव मी त्याला देणार नाही.

‘नक्कल’ या शब्दाबद्दल मात्र मला मनापासून वाईट वाटले. के. करुणाकरन यांनी 1940च्या दशकात आळप्पुळ्यात ‘वागीश्वरी’चे काम उभे केले आणि त्यांच्या कॅमेऱ्यांवर अनेक स्टुडिओंचा चरितार्थ चालला. घडण इंग्लिश धर्तीची असली, तरी ती स्वतंत्र, कसबी कारागिरी होती.

कॅमेरा परत पाठवल्यास पूर्ण रक्कम आणि दोन्ही वेळचा वाहतूक खर्च आम्ही देऊ. तो ठेवायचा असल्यास योग्य किंमत नव्याने ठरवून फरक परत करू आणि ‘सागवानी, निर्माता अज्ञात, 1936 नंतरचा’ अशी दुरुस्त नोंद असलेली पावती देऊ. आपला निर्णय दुकानाच्या क्रमांकावर कळवावा.