दोन वर्षं वीजबिल थकवलं की माफ? आधी कलम पूर्ण वाचा

वीजबिलातून सुटका करून घ्यायचे उपाय सांगणारा एक मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत आमच्या अमळनेरच्या मावशीपर्यंत पोचला. कापूस वेचून, निंदणी-खुरपणी करून घर चालवणारी बाई. बिल घडी करून फडताळात टाकलं आणि मलाच सांगते, "दोन वरीसमा माफ व्हई जाई म्हने." नाहीतर असल्या कचऱ्याला उत्तर द्यायची मला हौस नाही.

मुख्य दावा असा: वीज कायदा २००३, कलम ५६ प्रमाणे दोन वर्षांपूर्वीचं बिल वसूल करता येत नाही, म्हणून भरूच नका. कलम आहे, दोन वर्षांची मुदतही आहे. पण त्याच पोटकलमात पुढे लिहिलंय की रक्कम थकबाकी म्हणून सतत दाखवलेली असेल तर ही मुदत लागू नाही. तुमच्या बिलावर दर महिन्याला मागची थकबाकी छापून येते ना? मग विषय संपला. शिवाय पहिलं पोटकलम या महाभागाने गिळूनच टाकलंय. लेखी नोटीस देऊन पूर्ण १५ दिवस झाले की कंपनी वीज तोडू शकते. दोन वर्षं राहिली बाजूला, ऐन मे महिन्यात घर अंधारात. मग थकबाकी, वर व्याज, वर पुन्हा जोडणीचे पैसे, आणि त्यासाठी बचत गटातून कर्ज.

याच कलमात गरिबाच्या कामाची गोष्ट आहे, ती मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. बिल चुकीचं वाटत असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने निघणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती लेखी हरकत नोंदवून भरायची. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही.

मीटरला लोहचुंबक लावा म्हणे. ही सरळ वीजचोरी, कलम १३५, तीन वर्षांपर्यंत कैद. पाठवणारा येणार आहे का जामीन द्यायला?

प्लगात खोचायची 'पॉवर सेव्हर' डबी घरगुती मीटरवरचं युनिट कमी करत नाही. पैसे पाण्यात. रात्री फ्रीज बंद ठेवून फार काही वाचत नाही, आपल्याकडच्या उन्हाळ्यात सकाळपर्यंत दूध नासतं एवढंच.

पंखा हळू फिरवा, हे अर्धं खरं. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर थोडी वीज वाचते. जुना खोक्यासारखा असेल तर ती वीज त्यातच उष्णता होऊन वाया जाते. पण उन्हाळ्यात बिल फुगवतो तो कूलर. २०० वॅटचा कूलर रात्री दहा तास चालला की दोन युनिट, महिन्याला ६०. महिन्याचे शंभर युनिट ओलांडले की वरच्या युनिटांना दर जवळपास दुप्पट. म्हणून तर लोक लेकरं झोपेपर्यंतच कूलर लावतात, मग बंद करून स्वतः अंगणात बाज टाकतात. त्यांना काटकसर शिकवायला हा कोण निघालाय?