निर्यातबंदीमुळे कांदा स्वस्त राहिला, या दाव्याचा प्रतिवाद

किरकोळ बाजारात कांद्याने चाळिशी ओलांडली की एक मजकूर दरवर्षी नव्याने फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे आहे: सरकारने वेळीच निर्यातबंदी केली आणि साठ्यावर मर्यादा घातली म्हणून कांदा शंभरीच्या आत राहतो, भाव वाढतो तो साठेबाजांमुळे, शेतकऱ्याचे यात फारसे बिघडत नाही, कारण नाफेड ही सरकारसाठी शेतमाल खरेदी करणारी सहकारी संस्था त्याचा माल घेते आणि खत-विजेवर त्याला सवलत मिळतेच, आणि बाजार मोकळा सोडला तर व्यापारी शेतकरी आणि ग्राहक या दोघांनाही लुबाडतील. हा मजकूर पुढे पाठवणारे बहुतेक लोक घरखर्चाची तोंडमिळवणी करणारे, सरळ मनाचे असतात. त्यांना मुद्द्याला मुद्दा असे उत्तर मिळाले पाहिजे, म्हणून हा प्रपंच.

शंभरीपासूनच सुरुवात करू. १३ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्राने कांद्याचे किमान निर्यात मूल्य, म्हणजे ज्याखाली निर्यात करता येत नाही तो दर, टनाला ८५० डॉलर केले. ते पुरेसे वाटले नाही म्हणून २९ सप्टेंबरला सरसकट निर्यातबंदी आली आणि त्याच वेळी किरकोळ व्यापाऱ्याला १०० क्विंटल, घाऊक व्यापाऱ्याला ५०० क्विंटल अशी साठामर्यादा घालण्यात आली. म्हणजे मजकुरात सांगितलेले दोन्ही उपाय एकाच दिवशी झाले होते. तरीही डिसेंबरमध्ये अनेक शहरांत कांदा शंभर रुपये किलोच्या वर गेला, कारण लांबलेल्या पावसाने खरिपाचा कांदा शेतातच सडला होता आणि अधिसूचनेने शेतात पीक उभे राहत नाही. मग तुर्कस्तान आणि इजिप्तमधून सरकारी खात्यावर कांदा मागवला गेला. तो बंदरात उतरेपर्यंत नवा माल बाजारात येऊ लागला होता, राज्यांनी मागणी नोंदवूनही आयात कांदा उचलला नाही, आणि शेवटी तो पडत्या किमतीला काढावा लागला. बंदी नसती तर भाव दीडशेवर गेला असता, असे यावर म्हटले जाते. परंतु देशात कांदा इतका महाग असताना तो बाहेर नेऊन स्वस्तात विकणारा निर्यातदार कुठे सापडणार? टंचाईच्या महिन्यांत निर्यात रोखायला चढा भावच पुरेसा असतो.

बंदीचा खरा परिणाम दिसतो तो माल बऱ्यापैकी असताना. ७ डिसेंबर २०२३ रोजी बंदीची अधिसूचना निघाली आणि काही आठवड्यांत नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या कांदा बाजारातले घाऊक भाव जवळजवळ निम्म्यावर आले. ही गोष्ट मी नाकारत नाही. प्रश्न इतकाच आहे की ते निम्मे कोणाच्या खिशातून गेले. डिसेंबरात बाजारात असतो तो खरिपाचा लाल कांदा. तो टिकत नाही, काढला की आठ-दहा दिवसांत विकावाच लागतो. बंदीची बातमी आली तेव्हा ज्याचा कांदा शेतात काढून पडला होता त्याला थांबण्याची मुभाच नव्हती. जो भाव पुकारला गेला तो त्याने घेतला.

आता साठेबाजी. या शब्दाने जितका गोंधळ माजवला आहे तितका दुसऱ्या कशानेही नसेल, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल. देशातील कांद्याचा सर्वांत मोठा वाटा, साधारण सत्तर टक्के, उन्हाळ कांद्याचा असतो. तो मार्च ते मे या काळात निघतो आणि पुढचा लाल कांदा येईपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत, सगळ्या देशाला तोच पुरवायचा असतो. निफाड, येवला, चांदवड, कळवण या भागात कोणत्याही वस्तीवर गेलात तर घरामागे कांदाचाळ दिसते: जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला तळ, दोन्ही बाजूंना हवा खेळावी म्हणून फटी ठेवून ठोकलेल्या पट्ट्या, वर पत्रा किंवा कौले. पावसाळी हवा लागली की आतल्या कांद्याला मोड येतात, काजळी धरते, वजन घटते. खालच्या थरातून वास येऊ लागला की घरची माणसे बसून सडका कांदा निवडून बाहेर टाकतात. चार-पाच महिन्यांत तीस-चाळीस टक्के माल असाच जातो. मे महिन्यात भरलेल्या शंभर क्विंटलचे सप्टेंबरात साठ-सत्तर उरतात. ही घट, चाळीचा खर्च आणि अडकून पडलेला पैसा भरून निघेल एवढा भाव शेवटी मिळणार नसेल तर चाळ कोण भरेल? आणि कोणीच भरली नाही तर सगळा कांदा मे महिन्यात मातीमोल होईल आणि सप्टेंबरात मिळणारच नाही. ज्याला आपण साठेबाजी म्हणून शिव्या देतो, त्याच कामामुळे गणपती-दिवाळीला घरात कांदा असतो.

साठामर्यादेने नेमके हेच काम अवघड होते. २३ ऑक्टोबर २०२० रोजी घाऊक व्यापाऱ्यासाठी २५ टन आणि किरकोळ व्यापाऱ्यासाठी २ टन ही मर्यादा आली. पंचवीस टन म्हणजे एका मोठ्या मालट्रकभर कांदा. जो व्यापारी लासलगावला रोज लिलावात उतरतो, माल खळ्यावर आणतो, निवडतो, गोण्या भरतो आणि दिल्ली, कोलकाता, गुवाहाटीला पाठवतो, त्याचा एवढा माल नुसता वाटेवर असतो. परिणामी नाशिक जिल्ह्यात काही दिवस लिलावच बंद पडले, आणि पुरवठा वाढावा म्हणून काढलेल्या आदेशाने तो थांबला. त्याच वर्षीच्या जानेवारी महिन्यात केंद्राच्याच आर्थिक पाहणीने असे नोंदवले होते की २०१९च्या साठामर्यादेने भावाची चढउतार कमी झाली नाही, उलट वाढली. आणि साठामर्यादा ज्याखाली घातली जाते त्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली जे छापे पडतात त्यांतून शिक्षा होण्याचे प्रमाण दोन ते चार टक्के इतके अल्प आहे. हा १९५५चा कायदा बदलून कांदा, बटाटा, डाळी आणि खाद्यतेल यांवरील नियंत्रण सैल करणारे विधेयक २२ सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत मंजूर झाले. त्याच्या आठच दिवस आधी, १४ सप्टेंबरला, निर्यातबंदी आली होती, आणि विधेयक मंजूर होऊन महिना उलटतो तोच त्यातील अपवादाच्या कलमाचा आधार घेऊन साठामर्यादा परत आली. असा अनुभव घेतल्यावर शीतगृहात किंवा सुधारित साठवणुकीत पैसा गुंतवायला कोण धजावेल, याचा विचार मजकूर लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही.

नाफेड माल घेते, हे खरे आहे. किती घेते, हे पाहा. २०२३-२४ मध्ये राखीव साठ्याचे उद्दिष्ट वाढवून ५ लाख आणि पुढे ७ लाख टन करण्यात आले. त्याआधीच्या २०२२-२३ या वर्षात देशात कांद्याचे उत्पादन सुमारे ३०२ लाख टन होते. शंभर गोण्यांतल्या जेमतेम दोन गोण्या सरकारच्या वाट्याच्या, आणि उरलेल्या अठ्ठ्याण्णवांचा भाव मात्र ठरवून पाडला. १९ ऑगस्ट २०२३ रोजी ४० टक्के निर्यातशुल्क लागले तेव्हा चाळीतला कांदा शेतकऱ्याच्याच मालकीचा होता. नाशिकच्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडल्यावर २,४१० रुपये क्विंटलने आणखी २ लाख टन खरेदीची घोषणा झाली, आणि त्याच आठवड्यात शहरांत सरकारी गाड्यांवरून २५ रुपये किलोने कांदा विकायला सुरुवात झाली. म्हणजे खरेदी करणारी यंत्रणाच शेतकऱ्याच्या उरलेल्या मालाशी स्पर्धा करत होती.

आणि भाव पडतो तेव्हा काय होते? फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा आणला. किलोला १ रुपया भाव मिळाला. पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीवर, हमाली, तोलाई, मोटारभाडे असे ५०९ रुपयांहून अधिक कापले गेले आणि हाती आला २ रुपयांचा धनादेश. त्या हंगामात राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केले, म्हणजे किलोला साडेतीन रुपये. वर्षअखेरीस भाव सुधारला तेव्हा तोही निर्यातबंदीने काढून घेतला. तोट्याच्या वर्षी तोटा शेतकऱ्याचा आणि नफ्याच्या वर्षी नफा अधिसूचनेचा, असा हा व्यवहार आहे, आणि त्याला शेतकऱ्याची काळजी म्हणणे मला मान्य नाही.

खत-विजेच्या सवलतीचा मुद्दा एका आकड्याने निकालात निघतो. आर्थिक सहकार्य व विकास संघटना आणि दिल्लीची इक्रिअर ही संस्था यांनी २०१८ साली केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, २००० ते २०१७ या काळात सर्व अनुदाने जमेस धरूनही भारतीय शेतकऱ्याच्या एकूण उत्पन्नातून दरवर्षी सरासरी सुमारे १४ टक्के रक्कम धोरणांमुळे हिरावली गेली. याचे मोठे कारण निर्यातीवरील आणि देशांतर्गत व्यापारावरील निर्बंध हेच होते.

बंदी सर्वांना सारखी असते, हा मजकुराचा न बोललेला समज आहे. २०२४च्या एप्रिलमध्ये बंदी चालू असतानाच गुजरातच्या २ हजार टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी मिळाली, आणि सहा देशांना ९९,१५० टन कांदा पाठवायची मुभा नॅशनल को-ऑपरेटिव्ह एक्सपोर्ट्स लिमिटेड या एकाच संस्थेमार्फत देण्यात आली. बाजारात दार बंद झाले की किल्ली कोणाकडे आहे याला महत्त्व येते. नाशिकच्या शेतकऱ्याने यावर संताप व्यक्त केला तो प्रांतवादातून नव्हता.

राहिला व्यापाऱ्यांच्या लुटीचा मुद्दा, आणि यात तथ्य आहे. स्पर्धा आयोगासाठी २०१२ साली झालेल्या कांदा बाजाराच्या अभ्यासात मोजक्या जुन्या व्यापाऱ्यांचे वर्चस्व आणि नव्या व्यापाऱ्याच्या प्रवेशातील अडथळे नोंदवले गेले. लिलावाच्या रांगेत ट्रॅक्टर घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला हे कुणी सांगायला नको. ट्रॉलीभोवती दहा जण जमतात आणि बोली दोघांतच संपते. परंतु हे वर्चस्व मोकळ्या बाजारातून आलेले नाही. परवाना बाजार समितीने द्यायचा, गाळा समितीने द्यायचा आणि माल त्याच आवारात विकायचा, या नियमांच्या कुंपणात ते वाढले. महाराष्ट्राने २०१६ साली फळे-भाजीपाला समितीच्या आवाराबाहेर विकायची मोकळीक दिली, ती दिशा योग्य होती. पण बाहेरचा नवा खरेदीदार यायचा तर त्याला माल ठेवता आला पाहिजे आणि परदेशी पाठवता आला पाहिजे. साठामर्यादा आणि निर्यातबंदी या दोन्हींचा पहिला बळी हा नवा खरेदीदारच असतो. जुना व्यापारी ओळखीपाळखीवर तरून जातो. चाकणच्या कांदा आंदोलनापासून शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी जे मांडत होते ते हेच, की शेतकऱ्याला अनुदानाआधी बाजाराचे स्वातंत्र्य हवे आहे.

गरिबाच्या ताटाचे काय, हा प्रश्न उरतो आणि तो टाळता कामा नये. २०१२ या आधारवर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचे वजन ०.६४ टक्के होते, म्हणजे शंभर रुपयांच्या खर्चात चौसष्ट पैसे. हातावर पोट असलेल्या घराला हेही जड जाते, हे मान्य. अशा घरांना महागाईच्या दोन-तीन महिन्यांपुरती रोख मदत थेट बँक खात्यात देता येते. त्याचा खर्च सगळा करदाता समाज उचलेल. आज तो खर्च एकट्या कांदा पिकवणाऱ्याच्या पट्टीतून कापला जातो, आणि त्याचा लाभ गरिबाइतकाच सुखवस्तू घरालाही मिळतो.

शेवटी परदेशी गिऱ्हाईक. २०१९च्या बंदीनंतर बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत जाहीरपणे तक्रार केली होती, की निदान आधी कळवले असते तर आम्ही दुसरीकडून सोय केली असती. त्यानंतर त्या देशाने स्वतःच्या कांद्याखालचे क्षेत्र वाढवण्यावर भर दिला, आणि आखाती बाजारात आपली जागा पाकिस्तान, इजिप्त आणि तुर्कस्तानचा कांदा घेत गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये लावलेले निर्यातशुल्क, मधली बंदी आणि पुन्हा शुल्क असे करत, १ एप्रिल २०२५ रोजी पूर्ण उठले. तेव्हा चाळीत नवा उन्हाळ कांदा भरला जात होता, आणि जी गिऱ्हाइके पूर्वी तो मागत असत त्यांनी दरम्यानच्या एकोणीस महिन्यांत दुसऱ्यांकडून घ्यायची सवय लावून घेतली होती.