रुपये घासू नका, आणि फोटो बघून त्यांना आकडा लावू नका

"घरबसल्या जुन्या नाण्याचा दर्जा ओळखा" हा लांबलचक मेसेज सध्या कोल्हापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. परवा तो मावशींकडून आला आणि खाली त्यांचा प्रश्न होता, "आपल्या माळेत ओवलेले चांदीचे जुने रुपये चिंचेनं घासायला घेऊ का?" मावशी, अजिबात घेऊ नका. पुढचं सावकाश वाचा.

मेसेजचं म्हणणं असं: नाणं चिंचेनं किंवा टूथपेस्टनं लख्ख करा, दोन्ही बाजूंचा फोटो अ‍ॅपमध्ये टाका, अ‍ॅप ७० पैकी गुण देईल, ६० च्या वर गेलं तर नाणं लाखांत जाईल, मग ते अमेरिकेला कुरिअरनं पाठवून सीलबंद करून आणा. यातली पहिली सूचना सगळ्यात घातक आहे, कारण बाकीच्या चुका निस्तरता येतात, ही येत नाही.

चांदीच्या रुपयावरचा काळपट थर म्हणजे मळ नव्हे. हवेतल्या गंधकामुळे तयार झालेलं ते सिल्व्हर सल्फाइड आहे आणि त्यात नाण्याच्याच पृष्ठभागावरची चांदी अडकलेली असते. थर खरवडला की तीही जाते. टांकसाळीत ठसा जोरात बसतो तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा उमटतात. कोऱ्या नाण्याचं लस्टर, म्हणजे मूळची झळाळी, या रेषांमुळेच असतं. एकाच दिव्याखाली नाणं फिरवलं की उजेडाचा पट्टा सायकलच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. टूथपेस्टमधली भुकटी नेमक्या याच रेषा घासून टाकते. नंतर उरते ती भांड्यासारखी सपाट चकाकी, आणि पट्टा फिरायचा थांबतो. चांदीच्या दागिन्यांच्या हुपरी गावात पैंजण उजळतात ते ठीक आहे, पैंजण दर दिवाळीला उजळता येतं. टांकसाळीनं दिलेला पृष्ठभाग नाण्याला एकदाच मिळतो.

तांब्याचं तर याहून वाईट. शिवराईवरचा तपकिरी-काळा थर पिढ्यान्‌पिढ्या बसलेला असतो. चिंच लागली की बघता बघता गुलाबी-नारिंगी तांबं उघडं पडतं आणि 'श्री राजा शिव' या अक्षरांभोवतीचे खड्डे वर येतात. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर मिळाली तशी जुनी शिशाची नाणी कुणाकडे असतील तर त्यांना व्हिनेगरचा वाससुद्धा लागू देऊ नका. शिसं त्यात गंजतं, त्यावर पांढरी पूड धरते, आणि ती पूड विषारी असते.

आता मेसेजवाल्यांना एवढंच विचारा. ज्या अमेरिकेत नाणं पाठवा म्हणताय, तिथली एनजीसी, म्हणजे नाण्यांना दर्जा देऊन सीलबंद करणारी कंपनी, काय करते? नाणं चुकीच्या पद्धतीनं साफ केलेलं आढळलं तर ती आकडा देतच नाही, लेबलवर 'डिटेल्स' लिहून साफसफाईची नोंद करते. म्हणजे मेसेजची पहिली पायरी पाळली की ६० च्या वर जायची वाटच बंद! तिच्या शेऱ्यांच्या यादीत 'माउंट रिमूव्ह्ड' (जोडलेली कडी काढलेली) आणि 'एक्स-ज्वेलरी' (पूर्वी दागिन्यात वापरलेलं) हेही आहेत. आपल्याकडच्या माळेतल्या रुपयांना ते थेट लागू पडतात. कडी काढून झाळ कानशीनं घासली, तरी कडेवरच्या उभ्या रेघा तेवढ्याच जागी बोथट राहतात, बहुतेक वेळा राजाच्या डोक्याच्या बरोबर वर. पुढच्या-मागच्या फोटोत कड येतच नाही, मग अ‍ॅपला हे दिसणार कुठून?

फोटोची मुख्य अडचण याहून खोल आहे. फोटोत उजेडाचा एकच कोन अडकतो, आणि दर्जा ठरतो तो नाणं फिरवताना काय बदलतं त्यावर. घासल्याचे केसासारखे ओरखडे एका कोनात लखकन दिसतात आणि दुसऱ्या कोनात पूर्ण गायब होतात. त्यात मोबाईल स्वतःच बारीक पोत गुळगुळीत करतो आणि अक्षरांच्या कडा धारदार करून दाखवतो.

पंचम जॉर्जच्या रुपयाचं उदाहरण घ्या. त्याच्या झग्यावर छातीशी छोटा हत्ती आहे. १९११ च्या नाण्यात त्याची सोंड इतकी आखूड वाटली की लोक त्याला डुक्कर म्हणू लागले, आणि १९१२ पासून तो बदलला. हा हत्ती किंवा कानावरचे केस सपाट दिसले तर दोन कारणं संभवतात, झीज किंवा ठसाच कमी दाबानं बसणं. कमी दाबाच्या नाण्यावर सपाट जागेवरूनही झळाळीचा पट्टा अखंड जातो. झिजलेल्यावर तो तिथे तुटतो आणि ती जागा मंद राखाडी दिसते. एक नाणं कोरं, दुसरं वापरलेलं, किमतीत मोठं अंतर, आणि फोटोत दोन्ही सारखीच!

एक गोष्ट मान्य करावी लागेल. साल, मुंबई टांकसाळीचा ठिपका आणि ढोबळ झीज चांगल्या फोटोत कळते. फाइन की व्हेरी फाइन, या वापरलेल्या नाण्यांच्या मधल्या दर्जांपर्यंत जाणकार अंदाज सांगतो. त्याच्या वर मात्र नाणं हातात लागतं.

७० ही टक्केवारीही नव्हे. विल्यम शेल्डननं १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी ही पट्टी बनवली. ६० ते ७० ही सगळी न वापरलेली नाणी, त्याखालची सगळी वापरलेली. ओरखड्यांनी भरलेल्या ६० पेक्षा ५८ चं नाणं पुष्कळदा देखणं असतं.

लाखांच्या आमिषाबद्दल रिझर्व्ह बँकेनं ४ ऑगस्ट २०२१ लाच सावध केलंय: जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारात बँक पडत नाही आणि कुठलं शुल्क किंवा कमिशन मागत नाही. आणि कुरिअरचं म्हणाल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. १९१२ चा रुपया त्यात आला.

जाणकाराचं मत हवं असेल तर असं करा. फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड, खाली करडा कागद. फोन ३० सेंटीमीटर वर धरून दुप्पट झूम. नाण्याच्या एका कडेखाली खोडरबराचा पातळ तुकडा ठेवून ते किंचित कलतं करा, आणि चौथाई-चौथाई फिरवत चार फोटो घ्या. कडेचे फोटो वेगळे. टेबललॅम्पखाली नाणं कडेनं धरून फिरवतानाचा १० सेकंदांचा व्हिडिओ या सगळ्यांपेक्षा जास्त सांगतो. शेवटी गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, काट्यावर वजन करा. पंचम जॉर्जचा रुपया मुळात ११.६६ ग्रॅमचा, झिजलेला थोडा कमी भरतो. १० भरला तर संशय घ्या. माळेतला रुपया ११.६६ च्या वर गेला तर ते वजन झाळेचं.

मावशी, माळेची कडीही काढू नका. माळ सुती कापडात गुंडाळा, मऊ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, त्यानं नाण्यावर हिरवट चिकटा धरतो.