पोटातला महासागर आणि सोसायटीची बोअरवेल

‘जमिनीखाली ६६० किलोमीटरवर समुद्रांच्या तिप्पट पाण्याचा महासागर सापडलाय, तिथला दगड स्पंजासारखा भिजून मऊ पडलाय म्हणून भूकंप वाढणार, आणि बोअर खोल नेली की पाणी कधीच आटणार नाही.’ मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हे फिरतंय तोवर ठीक होतं. आमच्याकडे आता त्या जोरावर बोअर आणखी खाली न्यायचा ठराव येतोय, तेव्हा बोलणं भाग आहे.

महासागर वगैरे काही नाही. २०१४ साली ब्राझीलमधल्या जुईनाच्या एका हिऱ्यात रिंगवूडाइटचा (खूप खोलवर प्रचंड दाबाखाली बनणाऱ्या खनिजाचा) सूक्ष्म कण सापडला, त्यात वजनाने सुमारे दीड टक्का पाणी होतं. ४१० ते ६६० किलोमीटरच्या अख्ख्या थरात एक टक्का पाणी असलं, तर ते समुद्रांच्या जवळपास तिप्पट भरतं. फॉरवर्डने त्यातला ‘तर’ गिळला.

खरा कहर ‘स्पंज’चा. स्पंजाला भोकं असतात. ६६० किलोमीटरवर दाब हवेच्या दाबाच्या दोन लाख पटींच्या वर, भोक टिकेल कसं? ते ‘पाणी’ म्हणजे स्फटिकातला दोष: मॅग्नेशियमचा एक अणू गायब, आणि भरपाईला दोन हायड्रोजन ऑक्सिजनला चिकटलेले. पिळून थेंबही निघायचा नाही.

दगड थोडा नरम होतो, हे मात्र मान्य करावं लागतं. रिकाम्या जागेभोवतीची चौकट सहज दबते. कोरड्या रिंगवूडाइटचा दृढता गुणांक, म्हणजे आकार बदलायला होणारा विरोध, सुमारे १२० गिगापास्कल. सव्वादोन टक्के पाणी शिरलं की तो १०७ च्या आसपास येतो. पोलादाचा ८०. मऊ म्हणे! नरम दगडातून भूकंपाच्या लहरी जरा हळू जातात, पण खोलवरच्या दाबाखाली ओल्या-कोरड्यातला हा वेगाचा फरक आणखी घटतो, आणि उष्णतेनेही लहरी मंदावतात. म्हणून नुसता लहरींचा वेग पाहून तिथे किती पाणी आहे ते सांगता येत नाही. द्रवाचा महासागर असता तर भूकंपाच्या एस-लहरी, ज्या द्रवातून जाऊच शकत नाहीत, तिथेच अडल्या असत्या. त्या आरपार जातात.

मुंबईच्या भूकंपाशी ६६० किलोमीटरवरच्या या खनिजाचा संबंध जोडणं निव्वळ थापेबाजी आहे.

राहता राहिली बोअर. माणसाने मारलेलं सर्वांत खोल भोक रशियातल्या कोला इथलं, १२,२६२ मीटर, म्हणजे जेमतेम सव्वाबारा किलोमीटर; ६६० कुठे राहिले! आपल्या बेसाल्टमध्ये पाणी मिळतं ते भेगांत, झिजलेल्या आणि सच्छिद्र थरांत. खाली जावं तशा भेगा मिटत जातात, आणि किनाऱ्याजवळ उपसा वाढवला की खारं पाणी आत ओढलं जातं. ठराव मांडण्याआधी सध्याच्या बोअरच्या पाण्यातलं क्लोराइड आणि टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) तपासून घ्या, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा.