मोठा अ‍ॅरे आणि रॅम: एक खुलासा

‘सी भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये मोठा अ‍ॅरे (एकाच प्रकारच्या मूल्यांची सलग रांग) घेतला की तो क्रॅश होतो, कारण रॅम अपुरी पडते,’ असा सल्ला नवशिक्यांना सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. त्यापायी मुलं नवी रॅम विकत घेतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

फंक्शनच्या आत साध्या पद्धतीने जाहीर केलेला अ‍ॅरे सहसा स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या कामासाठी राखलेल्या मेमरीच्या छोट्या भागात, जातो, आणि स्टॅकची मर्यादा रॅमवर ठरत नाही. विंडोजवर ती सहसा १ एमबी असते, लिनक्सवर बहुधा ८ एमबी. आता १००० × १००० इंटचा (पूर्णांकांचा) अ‍ॅरे घ्या. प्रत्येकी ४ बाइट धरले तर ४० लाख बाइट, म्हणजे जवळपास ४ एमबी झाले. म्हणून तोच प्रोग्रॅम लिनक्सवर चालतो आणि विंडोजवर कोसळतो, मग रॅम १६ जीबी का असेना! अनेकदा पहिल्या प्रिंटएफची (स्क्रीनवर मजकूर छापणाऱ्या फंक्शनची) ओळही छापली जात नाही, कारण फंक्शनमध्ये शिरतानाच जागा संपते. त्यामुळे चूक भलतीकडेच शोधली जाते.

अ‍ॅरेआधी ‘स्टॅटिक’ लिहून पाहा; मग तो स्टॅकवर जात नाही. क्रॅश थांबला, तर दोष बहुधा स्टॅकचाच होता. आकार प्रोग्रॅम चालताना ठरणार असेल तर मॅलॉक (लागेल तेवढी मेमरी मागून घेणारं फंक्शन) वापरा, पण त्याने नल परत केलं का, म्हणजे मेमरी मिळालीच नाही का, हे तपासाच. आणि आकाराचा गुणाकार इंटमध्ये करू नका: ५०,००० × ५०,००० हे उत्तर ३२ बिटांच्या इंटमध्ये मावत नाही. तिथे साइझ-टी (आकारांसाठीचा पूर्णांक प्रकार) हवा.