२५२० : गूढ संख्या नव्हे, १ ते १० यांचा लसावि

रामानुजन यांच्या छायाचित्रासह वर्षानुवर्षे फिरणाऱ्या एका संदेशात २५२० या संख्येविषयी चार दावे असतात. १ ते १० या सर्व संख्यांनी निःशेष भाग जाणारी ती एकमेव संख्या आहे. अशी संख्या असूच शकत नाही असे गणिती मानत होते. ती रामानुजन यांनी शोधली. आणि आठवड्याचे ७ दिवस, महिन्याचे ३० दिवस व वर्षाचे १२ महिने यांचा गुणाकार २५२० येतो, हेच तिचे रहस्य आहे.

‘एकमेव’ हा शब्द पहिल्याच पडताळ्यात टिकत नाही. ५०४०, ७५६० आणि पुढच्या प्रत्येक पटीला याच दहा संख्यांनी भाग जातो. एक कोटीपर्यंतच अशा ३९६८ संख्या आहेत. २५२० ही त्यांतील सर्वांत लहान, म्हणजेच १ ते १० यांचा लसावि, एवढे मात्र खरे आहे. ८ साठी २ चा घन, ९ साठी ३ चा वर्ग आणि त्यांच्या जोडीला ५ व ७ घेतले की ६ आणि १० साठी नवे काहीच लागत नाही. म्हणून १ ते ९ यांचा लसावीही २५२० च आहे, ज्याचा संदेशात उल्लेखही नसतो. १ ते २० पर्यंत गेल्यास हीच रीत २३,२७,९२,५६० ही संख्या देते.

दुसऱ्या दाव्याला तर आधारच नाही. दहाही संख्यांचा नुसता गुणाकार केला तरी ३६,२८,८०० ही तशी संख्या मिळते, आणि लसावि काढण्याची रीत युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिद्धतेसह मांडली होती.

दिनदर्शिकेचा गुणाकार बरोबर आहे, पण त्यात रहस्य नाही: ३० म्हणजे २×३×५ आणि १२ म्हणजे २×२×३, त्यांना ७ ने गुणले की वर सांगितलेले अवयवच जमतात. ५×७×८×९ हा गुणाकारही २५२० च येतो. शिवाय सगळे महिने ३० दिवसांचे नसतात.

राहिला रामानुजन यांचा प्रश्न. शाळेतला लसावि त्यांच्या नावावर खपवणे हा त्यांच्या खऱ्या कामावरचा अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते. आपल्याहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा अधिक विभाजक असणाऱ्या संख्यांवर त्यांनी १९१५ मध्ये लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला. ४८ विभाजकांची २५२० त्या निबंधातील अशा संख्यांच्या सारणीत आहे, पण अनेकींपैकी एक म्हणून. सारणी पोहोचते ती ६७,४६,३२,८३,८८,८०० या १०,०८० विभाजकांच्या संख्येपर्यंत. अशा संख्येचे मूळ अवयव २ पासून एकही न गाळता क्रमाने येतात, त्यांचे घातांक पुढे कधीच वाढत नाहीत, आणि ४ व ३६ वगळता शेवटच्या अवयवाचा घातांक १ च असतो, हे त्यांनी सिद्ध केले. २५२० मध्ये २, ३, ५ आणि ७ यांचे घातांक ३, २, १, १ असे उतरत जातात, ते याच नियमाने.